इंटरस्टेलर परत बघायचाय? मग असा बघा

२०१४ ला आमच्या ग्रुपने पुण्यात हा पिक्चर बघितला आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर सरळ दोन गट पडले, अर्धे म्हणे काय जबरदस्त आहे यार, अर्धे म्हणे शेवटी प्रेम घुसवून सायन्सची वाट लावली. मी दुसऱ्या गटात होतो.

आता परत बघणार असाल तर आधी तुमची तेव्हाची तक्रार कागदावर लिहून काढा, एका ओळीत. हे खरंच करा, नाहीतर आपल्याला वाटतं आपलं मत आधीपासून हेच होतं.

१६९ मिनिटांचा आहे, जेवण उरकून बसा. सबटायटल लावाच, ऑर्गनच्या आवाजात डायलॉग बुडतात.

पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर ७ वर्षं, तिथून परत आल्यावर हिरो कूपर आपल्या पोरांचे २३ वर्षांचे मेसेज बघत बसतो ना, तो सीन झाला की पॉज करा. कॉलेजात मला तो फक्त रिलेटिव्हिटीचा सीन वाटलेला, आता घरी लहान मुलगी आहे, बघवत नाही.

संपल्यावर २०१९ चा एम८७ या आकाशगंगेतल्या ब्लॅक होलचा खरा फोटो शोधून शेजारी ठेवा. खऱ्यात एक बाजू जास्त उजळ दिसते, पिक्चरमधल्या ब्लॅक होलमध्ये तो फरक मुद्दाम काढलाय. बाकी गणित भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नचं, ज्यांना २०१७ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगासाठी नोबेल मिळालं, आणि त्या लायगोच्या कामात आपल्या पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची माणसंही होती!

मग कागद उघडा. माझी तक्रार निम्मी उरली, पण शेवटचं पुस्तकांच्या कपाटामागचं प्रकरण अजूनही पटत नाही.