प्रशिक्षणाला निघताय? आधी तो कागद लिहा

परदेशात स्वयंसेवक म्हणून निघालेल्यांनी सगळ्यात आधी एक कागद तयार करायचा. नेमणुकीच्या आधी काही आठवडे तिथल्याच एका कुटुंबात राहून भाषेचं प्रशिक्षण घ्यायचं असतं, हा कागद त्यासाठी. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांची आठवण करायला दहा जण असतात. या कागदाची आठवण कुणी करत नाही आणि मी तो केलाच नव्हता. जिथे प्रशिक्षण आहे तिथल्या भाषेत, तिथल्याच लिपीत आठ वाक्यं लिहून घ्या: पोटात दुखतंय. उलट्या होताहेत. जुलाब होताहेत. ताप आहे. हे औषध मला चालत नाही. कुत्रा चावला. डॉक्टरकडे न्या. या नंबरवर फोन करा. शेजारी आपल्या लिपीत उच्चार. मोबाइलमधल्या भाषांतरावर विसंबू नका; रात्री वीज नसते, नेटवर्क नसतं, बॅटरी संपलेली असते. कागदच हवा.

का, ते सांगते. वर्गात आधी नमस्कार, नाव-गाव, आकडे, बाजारातली घासाघीस शिकवतात. आजारपणाचा धडा आमच्याकडे चौथ्या आठवड्यात होता. पोट दुसऱ्याच आठवड्यात बिघडलं, आणि बहुतेकांचं तेव्हाच बिघडतं. रात्री दोनच्या सुमाराला मी यजमान घरच्या बाईंना उठवलं, पोटावर हात दाबून दाखवला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, लगबगीने चूल पेटवली आणि उरलेलं जेवण गरम करून माझ्यापुढे ठेवलं. मला भूक लागली असं त्यांना वाटलं होतं. मी ताट सरकवलं तर त्या अजून वाढायला लागल्या. सकाळी भाषेच्या शिक्षिका आल्या तेव्हा कुठे उलगडा झाला, तोवर माझ्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. त्या बाई रडल्या. एका वाक्याने हे टळलं असतं.

कागदाच्या तीन प्रती करा: एक उशाशी, एक पाकिटात, एक यजमान घरच्यांच्या हातात. घरच्यांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. वाक्य तुमच्या तोंडून नीट येईल याची खात्री नाही, त्यांना ते वाचता आलं पाहिजे. घरात वाचणारं कुणी नसेल तर शेजारी कोण वाचतं ते विचारून ठेवा.

आता बाकीचं. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा, असा नियम बऱ्याच देशांत आहे. पीतज्वराची लस काही देशांत सक्तीची असते. तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचंही तसंच: डॉक्सीसायक्लिन निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करतात, मेफ्लोक्विन दोन आठवडे आधी, आणि परतल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. मलेरियाच्या भागात ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं, ‘उद्या बघू’ नाही.

रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण ब्रँड देशागणिक बदलतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध काही देशांत विनापरवाना नेताच येत नाही, तेव्हा आधी चौकशी करा. चष्मा असेल तर दुसरा घ्या, नंबर लिहून ठेवा. ओआरएसची पाकिटं भरपूर. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा, आणि मीठ अंदाजाने कधीच टाकू नका. हे प्रमाणही त्याच कागदाच्या मागे, त्यांच्या भाषेत. त्या रात्री माझ्या पिशवीत पाकिटं होती, पण ती कशात आणि किती पाण्यात कालवायची हे मी कुणाला सांगू शकले नाही.

पिण्याचं पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, दोन हजार मीटर उंचीच्या वर तीन मिनिटं. कुत्रा चावला किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच लसीसाठी निघायचं. घरातल्यांना हे जास्तीचं वाटेल, तरी पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं.

कपडे कमी. टॉर्च, प्लगचा अडॅप्टर, कुलूप.

घरात राहायचं म्हणजे जेवण नाकारायचं कसं, हे आधी शिकून घ्या. ‘पोट भरलं’ आणि ‘आज पोटाला बरं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, दोन्ही पाठ हवीत. पहिलं बोललात की अजून वाढतात, दुसरं बोललात की थांबतात. खोलीचं दार लावून बसलं तर अनेक घरांत रुसलात असं समजतात. एकटं बसायचंच असेल तर अभ्यासाची वही घेऊन बाहेर बसा. आंघोळीची वेळ, दार बंद व्हायची वेळ, कपडे कोण धुणार, हे पहिल्या दोन दिवसांत शिक्षिकेला मध्ये घेऊन विचारा. नंतर विचारायला संकोच वाटतो.

आपल्या घरी सांगून ठेवा की पहिले चार दिवस फोन येणार नाही. मग आठवड्यातून एक वेळ ठरवा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळं नकोसं होतं, भाषा डोक्यात शिरत नाही. तेव्हा परत जायचा निर्णय घेऊ नका. झोपा, जेवा, दोन दिवस जाऊ द्या.

प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा, स्वयंसेवक म्हणून शपथ, सामान बांधणं, ते सगळं होतं. यजमानांचा पत्ता आणि फोन लिहून घ्या. नेमणुकीच्या गावात पुष्कळदा भाषाच वेगळी निघते. तसं असेल तर कागद पुन्हा लिहून घ्या, निघायच्या आधी, तिथली भाषा येणाऱ्या माणसाकडून.