देशाचे जगातील वजन कसे जोखावे

एखाद्या देशाचे जगात वजन किती, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत आला की बहुतेक विद्यार्थी सैन्यसंख्या आणि राष्ट्रीय उत्पन्न सांगून मोकळे होतात. हे आकडे लागतातच. परंतु सामर्थ्य आणि पत, म्हणजे इतर देशांचा त्या देशावरचा विश्वास, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून प्रथम वहीत त्यांचे दोन रकाने आखावेत.

सामर्थ्याच्या रकान्यात लष्कर आणि अर्थव्यवस्थेबरोबर हक्काच्या जागाही लिहाव्यात. सुरक्षा परिषदेत पाचच देशांना नकाराधिकार आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते असल्याने तिच्या संमतीविना ते निर्णय होत नाहीत.

पतीचा रकाना भरण्यासाठी अडचणीचा एखादा प्रसंग निवडून त्या वेळी इतर देश कसे वागले ते पाहावे. मुंबईकराला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जुलै १९९१ मध्ये भारताची परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली असताना, फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातले सोने गहाण पडले तर आपल्याकडे त्याची वाच्यता उंबऱ्याबाहेर होऊ देत नाहीत. हा व्यवहारही गुपचूप व्हायचा होता, पण बातमी फुटली आणि लोक हळहळले. देशाकडे दहा लाखांहून अधिक सैन्य होते, १९७४ ची अणुचाचणी होऊन सतरा वर्षे लोटली होती, तरीही सावकाराने तारण मागितलेच. २००९ मध्ये याच बँकेने नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. हे दोन प्रसंग शेजारी शेजारी लिहावेत, कारण मधल्या अठरा वर्षांत काय बदलले याचा शोध घेणे हाच माझ्या मते या विषयाचा सर्वांत चांगला अभ्यास आहे.

यानंतर दोन्ही रकाने जिथे जुळत नाहीत अशी उदाहरणे घ्यावीत. १९५६ मध्ये इजिप्तमधील सुएझ कालव्याच्या ताब्यासाठी ब्रिटनचे सैन्य उतरले, पण अमेरिकेने पौंडाला आधार देण्याचे नाकारताच त्याला माघार घ्यावी लागली. उलट नॉर्वेची लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही. तरीही १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेते गुप्त वाटाघाटींसाठी त्याच्याच दारी गेले, कारण त्या देशाकडून दोघांनाही धोका वाटत नव्हता.

पत कायम राहते असे मात्र गृहीत धरू नये. कोरियातील युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी १९५३ मध्ये नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले, ते निःपक्षपाती म्हणून असलेल्या नावामुळे. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाने त्या नावाला मोठा धक्का बसला. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वर्ष लिहावे, आणि नवा प्रसंग घडला की जुनी नोंद न खोडता तिच्याखाली नवी करावी.