नाशिकात बसून मंगळावरची गोष्ट कशी लिहायची

सायन्स फिक्शन लिहायचं ठरवलं की आपण सगळे आधी यान उडवतो. मीपण तेच केलं होतं. पहिली कथा सतरा पानांची, त्यातली अकरा पानं नुसतं यान, त्याचं इंजिन, त्याचे आपोआप सरकणारे दरवाजे. मित्राला वाचायला दिली, मिसळ येईपर्यंत त्याने संपवली आणि एवढंच विचारलं, "भाऊ, यात संडास कोण साफ करतं?" मला जाम राग आला, तर्रीसुद्धा मागवली नाही दुसऱ्यांदा. पण आता काहीही लिहायला बसलो की पहिला प्रश्न तोच लिहून ठेवतो वहीच्या वर.

तर पद्धत अशी. जगात एकच गोष्ट बदलायची, दहा नाही. आणि ती बदलल्यावर स्वयंपाकघरात, पगारात, भांडणात काय होतं ते बघत जायचं.

उदाहरण घ्या, हवेचा दाब. मंगळावर बाहेरचा दाब आपल्या इथल्या १ टक्क्याएवढासुद्धा नाही, म्हणजे वस्तीत तो कोंडून ठेवावा लागणार, आणि जेवढा जास्त दाब तेवढ्या भिंती मजबूत पाहिजेत, म्हणजे वजन, म्हणजे खर्च. मग कंपनी म्हणणार दाब निम्मा ठेवा, ऑक्सिजनचं प्रमाण वाढवा, माणसं जगतील. हे काही मनाचं नाही, १९७३ साली सोडलेल्या स्कायलॅब या अमेरिकन अवकाश स्थानकात दाब साधारण एक तृतीयांशच होता. आता निम्म्या दाबात पाणी उकळतं ८०-८२ अंशांनाच. म्हणजे उघड्या पातेल्यात मटकी शिजतच नाही, चहा नीट उतरत नाही, कुकरशिवाय पर्याय नाही, आणि वस्तीत कुकर आहेत चार. झाली की गोष्ट सुरू! कुकरचा नंबर कोण लावतो, रात्रपाळीवाल्यांना कच्ची मटकी का, कुणाच्या खोलीत पाचवा कुकर लपवलाय. तुम्हाला खलनायक शोधायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट अंतर. इथून मंगळावर निरोप जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. प्रकाशाचाच वेग तेवढा, नेटवर्कला शिव्या देऊन उपयोग नाही. तरी लोक बिनधास्त व्हिडिओ कॉल दाखवतात आणि तिथेच माझा मूड जातो. त्यापेक्षा ही अडचणच वापरा ना. मी असं लिहिलं होतं:

"सिडकोतल्या घरात आई फोनवर बोलायची ती एका दमात. 'जेवलीस का, नसशील जेवली, उशीर झाला असेल, पाठ दुखते का अजून, दुखतच असणार, तेल लावून घे कुणाकडून तरी.' प्रश्नपण तिचेच आणि उत्तरंपण तिचीच. मग ती कपडे वाळत घालायला जायची. चाळीस मिनिटांनी मोबाईल वाजायचा, लेक म्हणायची, 'हो गं, जेवले.'"

आणि सव्वीसेक महिन्यांतून एकदा सूर्य दोन ग्रहांच्या मधे येतो तेव्हा दोनेक आठवडे संपर्क जवळजवळ बंदच ठेवतात. त्या दोन आठवड्यांत आईचं काय होतं हे लिहायला रॉकेट सायन्स लागत नाही.

समाज उभा करायचा तर मजुरी आणि पाणी, या दोन दोऱ्या धरा. मंगळावर जायची सोयीची वेळपण साधारण २६ महिन्यांनीच येते. एसटी चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी मिळते, इथे सव्वादोन वर्षं बसा. मग विचार करा की तिथल्या द्राक्षाच्या बागेत विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जी माणसं नेली ती कशी नेली असतील? मुकादम असेल, उचल असेल. उचल फिटायच्या आत परतीचं यान निघून जातं, पुढच्या यानापर्यंत खाण्यापिण्याचा, ऑक्सिजनचा खर्च परत उचलीत चढतो. आपल्याकडे ऊसतोड बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाण्याचंही तसंच. मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, ती धुतल्याशिवाय पीक घेणं धोक्याचं, आणि धुवायला पाणी पाहिजे. आता त्या पाण्याने माती धुवायची की माणसांनी ते प्यायचं? आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार? गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटल्यावर इथे काय काय होतं ते आपण बघतोच की, तेच उचला, फक्त कॅनॉलच्या जागी पाइप लिहा.

श्रद्धा विसरू नका हं, परदेशी स्टाइल मारायच्या नादात आपली पात्रं एकदम नास्तिक होतात. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, म्हणजे नाशिकचा कुंभमेळा. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची, मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे तिथल्या हिशोबाने सिंहस्थ दर ६.३ वर्षांनी. पर्वणी कुणाच्या घड्याळाने धरायची, पंचवटीच्या की तिथल्या? तिथला दिवस आपल्यापेक्षा ४० मिनिटांनी मोठा. आणि स्नान करणार त्या पाण्यात जे काल सगळ्या वस्तीने वापरून गाळलंय. एखादी म्हातारी सामानाच्या मोजक्या किलोंमधून गंगेवरची, म्हणजे आपल्या गोदावरीच्या पाण्याची, एक बाटली घेऊन आली असेल तर ती बाटली टाकीत ओतायची की लपवायची? (मी ओतली. अजून वाटतं चुकलं.)

आकडे तपासून घ्या, पण सगळे कथेत ओतू नका. दहा शोधा, दोन वापरा. "तुला तर माहीतच आहे की मंगळावर गुरुत्वाकर्षण ३८ टक्के आहे" असं दोन इंजिनियर एकमेकांना सांगत नसतात. त्यापेक्षा आजोबांना तिथे जिना चढताना गुडघा दुखत नाही आणि ते मुद्दाम दिवसातून दहा वेळा चढतात, एवढं पुरे.

कुणी हसेल म्हणून कथा पाठवायची लाज वाटत असेल तर टोपणनाव घ्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे २०२१ मध्ये आपल्या नाशिकच्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

पाठवायच्या आधी मात्र विज्ञानाशी काही देणंघेणं नसलेल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. मी मावशीला दाखवली. दाब, पर्क्लोरेट, सगळं चालू असताना ती मेथी निवडत होती, मान वर नाही केली. सूर्य मधे आला आणि फोन बंद झाले तिथे मात्र तिचा हात थांबला. "मग त्या पोरीच्या पाठीला तेल कोणी लावलं?" मी कथेत ते लिहिलंच नव्हतं.