चवथीला बंद घर उघडल्यावर गिझर कसा सुरू करावा

चवथीला गावी पोचलात, कुलूप काढलंत, मेन स्विच वर केलात. आता सगळ्यांनाच आंघोळीची घाई असते. तरी गिझरचं बटण इतक्यात दाबू नका.

जुन्या न्हाणीतल्या तांब्याच्या भाणाला तोंड उघडं असायचं, वाफ आपसूक वर निघून जायची. गिझरची टाकी बंद. थंड पाणी खालून शिरतं, कॉइल ते तापवते, गरम पाणी हलकं म्हणून वर चढतं आणि वरूनच नळाला येतं. ठरलेल्या तापमानाला थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो अडकला तर कट-आउट, म्हणजे पाणी फार तापल्यावर वीज तोडणारा दुसरा स्विच, आणि तोही चुकला तर शेवटचा आधार जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचा.

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. बंद टाकीत दाब वाढला की ते १०० च्या वर जाऊनही पाणीच राहतं. अशी टाकी फुटली तर दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याच्या वाफेला सुमारे १,६०० लिटर जागा लागते! भिंत पडते ती यामुळे.

म्हणून आधी गिझरचा एमसीबी (बोर्डावरचा त्याचा स्विच) बंदच ठेवून गरम पाण्याचा नळ सोडा. फुसफुस थांबून सलग धार आली तरी काही मिनिटं वाहू द्या. महिनोन् महिने साचलेलं पाणी जाईल, आणि टाकी भरल्याची खात्री होईल. कोरडी कॉइल जळते. टाकीतल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे कधीकधी आत हायड्रोजन साठतो, तेव्हा जवळ काडी किंवा उदबत्ती पेटवू नका.

मग सेफ्टी व्हॉल्व्हची कडी उचला. पाणी जोरात यायला हवं, सोडल्यावर थांबायला हवं. हरमल-मोरजीसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने बाहेरचं लोखंड लवकर गंजतं, तिथे तर हे पाहाच. कडी हललीच नाही तर व्हॉल्व्ह बदलेपर्यंत चुलीवर पाणी तापवा.

पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की साधारण २०० मिलिलिटरने फुगतं, ते बाहेर यायलाच हवं. त्या तोंडाला बूच मारलेलं मी पाहिलंय. कृपा करून असं कधीही करू नका. गिझर बंद असतानाही गळत राहिलं तर मात्र प्लंबरला बोलवा.

आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला तर वीज तोडणाऱ्या बोर्डावरच्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, तो लगेच पडला पाहिजे. पडला की परत वर करा आणि आता गिझर लावा, ६० अंशांवर. २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी तापवायला अठरा-वीस मिनिटं लागतात. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. घरात लहान मुलं असतील तर हे विसरू नका.

नळातून पाण्याऐवजी वाफ उसळली किंवा टाकी गडगडू लागली, तर न्हाणीत थांबू नका. मेन बोर्डावरून वीज तोडा, दार ओढून घ्या, टाकी पूर्ण निवू द्या, आणि इलेक्ट्रिशियनने थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका.