पाचवी ते आठवीच्या पालकांना शाळेतलं वेळेवर कळायला हवं असेल तर जूनच्या आधी काय काय तयार ठेवाल

पहिलीतल्या लेकराची आई रोज गेटवर असते, तिला बाईंकडून सगळं तोंडीच कळतं, आणि दहावीच्या घरात तर टाइमटेबल भिंतीवरच चिकटलेलं असतं. मधले राहतात ते पाचवी ते आठवीचे पालक. पोरगं सायकलवर नाहीतर एसटीनं एकटं यायला लागलेलं असतं, वहीवर आईची सही आणायची त्याला लाज वाटते आणि शाळेत आज काय झालं विचारलं की "काय नाय" एवढंच उत्तर मिळतं. आणि नेमकं याच चार वर्षांत नवोदय या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा येते, स्कॉलरशिप येते, पाचवीची आणि आठवीची परीक्षा येते, मुलींची पाळी सुरू होते, पोरांचा आवाज फुटतो. म्हणून या वर्गांच्या वर्गशिक्षकांनी आणि पालक संघातल्या लोकांनी शाळा भरायच्या आधीच निरोपांची तयारी करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा जून लागला की पुस्तकवाटप, गणवेश, ऑनलाइन माहिती भरणं यातच दिवस जातो आणि निरोप मग शेवटच्या तासाला घाईघाईत पोरांच्या कानावर घातला जातो.

सगळ्यात आधी नंबर. हजेरी रजिस्टरमधला नंबर बहुतेक वेळा बापाचा असतो आणि बाप असतो पुण्याला कंपनीत, त्याला मेसेज जातो, तो रात्री शिफ्टवरून आल्यावर बघतो आणि घरी सांगायचं राहून जातं. म्हणून प्रत्येक घराला दोन प्रश्न विचारायचेच, संध्याकाळी घरात फोन कुणाकडे असतो, आणि आलेला निरोप वाचतं कोण. त्या माणसाचा नंबर पहिला लिहा, मग ती आई असो, काकू असो, कॉलेजला जाणारी ताई असो. अडीअडचणीला बोलवायचा नंबर वेगळ्या रकान्यात. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांची नावं वेगळी काढा, त्यांना फोनच करावा लागतो किंवा शेजारच्या पोराच्या हाती चिठ्ठी. आणि दिवाळीनंतर एकदा सगळे नंबर परत तपासायचे, रिचार्ज संपला की लोक सिम बदलतात आणि शाळेला कुणी कळवत नाही.

आमच्या बीडकडे आणखी एक काम असतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यावर जातात. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही सोबतच जातात. जाण्याआधी आजीचा नंबर, आणि आईबापाचा लागत नसेल तर टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, आणि पोरगं सोबत जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. आणि ही घरं ग्रुपमधून काढू नका! कारखान्यावरच्या कोपात, म्हणजे झोपडीत, रात्री आई फोन उघडते तेव्हा लेकाच्या वर्गाचं काहीतरी दिसलं पाहिजे तिला.

ग्रुपचं म्हणाल तर वर्गाचा एकच ग्रुप, मेसेज फक्त अ‍ॅडमिनना टाकता येतील असं सेटिंग, अ‍ॅडमिन म्हणजे वर्गशिक्षक आणि एक पालक. नाहीतर गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक आणि गावकीचं राजकारण यात सहलीचा निरोप कुठल्या कुठे वर जातो. पालकांना शंका असेल तर वैयक्तिक मेसेज, आणि त्याला उत्तर द्यायची वेळ आधीच सांगून टाका, संध्याकाळी सहा ते सात म्हणा, म्हणजे तुम्हालाही घर आहे हे लोकांना कळतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर हे ध्यानात घ्या की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, तेव्हा पहिल्याच सभेत सगळ्यांना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लावा. वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉइस नोट, पण एका मिनिटाच्या आतली. पीडीएफ शक्यतो नकोच, छोट्या स्क्रीनवर कुणी ती उघडत नाही, सरकारी परिपत्रक जसंच्या तसं फॉरवर्ड करणं तर त्याहून वाईट. आणि एक गोष्ट आजच बंद करा, आधार कार्डाचे, बँक पासबुकाचे फोटो ग्रुपवर मागवणं. तसंच कुणाचे मार्क, कुणाची राहिलेली फी, कुणाचं पोरगं मारामारीत सापडलं हे ग्रुपवर कधीच नाही, ते त्या आईबापाला एकट्याला सांगायचं.

फोनच्या जोडीला गेटवरचा फळा आणि निरोपवही पाहिजेच. फळ्यावर आठवड्याचं लिहायचं, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल असं, सोमवारी सकाळीच. निरोपवहीचं काम वर्गातल्याच पोरांना वाटून द्या, दोघं जण शेवटच्या तासाला निरोप फळ्यावर लिहितील आणि बाकीचे उतरवून घेतील, सातवी-आठवीची पोरं हे जबाबदारीनं करतात आणि मग तीच घरी सांगतात.

आता निरोप लिहायचा कसा, मला यावर जरा जास्त बोलायचंय. दिवसभर खुरपून आलेली बाई रात्री दहाला फोन बघते तेव्हा तिला चार गोष्टी पाहिजे असतात, कधी, किती पैसे, काय घालून, डब्यात काय. "सर्व पालकांना कळविण्यात येते की" इथंच निम्मे लोक वाचायचं सोडतात. सहलीचा निरोप असा लिहून बघा:

"आठवी अ. सहल वेरूळ-दौलताबाद, गुरुवारी. पहाटे साडेपाचला गेटवर यायचं, एसटी सहाला सुटेल. रात्री नऊपर्यंत परत, घ्यायला घरचं कुणीतरी यावंच. गणवेश आणि बूट. दोन वेळचा डबा, पाण्याची बाटली. गाडी लागत असेल तर गोळी आणि पिशवी. दागिने, मोबाइल नको. पैसे आणि संमतीपत्र सोमवारपर्यंत. पैशाची अडचण असेल तर मला एकटीला फोन करा, पोर मागं राहणार नाही."

शेवटचं वाक्य मी प्रत्येक सहलीच्या निरोपात घालते, कारण पैसे नाहीत म्हणून "आमच्या पोराला गाडी लागते" असं सांगणारी घरं असतात. एसटीची गाडी केली तर शाळेच्या सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत असते, तो अर्ज आगारात लवकर द्यायचा आणि किती पैसे वाचले तेही पालकांना सांगायचं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, ते बघूनच वार ठरवा.

जूनमधल्या निरोपात पहिला विषय पास. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे आणि बाकीच्या पोरांना फक्त एक तृतीयांश पैसे भरावे लागतात, हे नव्यानं पाचवीत आलेल्या किती घरांना माहीतच नसतं, बिचारे रोजचं तिकीट काढत बसतात. मग नावांचं, आधारवर "गणेश" आणि रजिस्टरला "गनेश" असलं की अपार आयडी, म्हणजे पोराचा विद्यार्थी ओळख नंबर, अडकतो, पुढं फॉर्म अडकतो, तेव्हा आधार, जन्मदाखला आणि शाळेतलं नाव एकदा पालकांसमोर ताडून बघा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आठवडाभर उशिरा भरतात, 2025 ला इकडे 16 जून आणि तिकडे 23 जून होती, बदली होऊन आलेल्या घरांचा इथं घोळ होतो. शाळा व्यवस्थापन समिती निवडायची असेल तर शिक्षण हक्क कायद्यानुसार 75 टक्के सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला, हे निरोपातच लिहा, म्हणजे आया नुसती सही करायला येणार नाहीत.

पावसाळ्यातली सुट्टी हा वेगळाच विषय. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, बऱ्याचदा रात्री उशिरा, आणि त्याच्या आधीच मागच्या वर्षीचं पत्र तारीख न बघता फिरायला लागतं. त्यामुळे जूनच्या सभेतच सांगून ठेवायचं, वर्गशिक्षकांनी ग्रुपवर टाकल्याशिवाय सुट्टी नाही. आणि तुम्ही टाकताना जिल्हा माहिती कार्यालयाचं किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अकाउंटवरचं बघूनच टाका. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या पोरांची यादी वेगळी असू द्या, ओढ्याला पाणी आलं तर त्यांना सुट्टी जाहीर असो नसो यायचं नाही, आणि पोरं शाळेत असताना पाणी वाढलं तर कुणाच्या घरी थांबायचं हेही आधीच ठरवून दोन्ही घरांना माहीत पाहिजे.

परीक्षेचं मात्र जुलैतच बोला. अजूनही कितीतरी पालकांना वाटतं की आठवीपर्यंत नापास करतच नाहीत. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, 35 टक्के पाहिजेत, नाही पडले तर पुन्हा परीक्षा होते आणि त्यातही राहिलं तर पोरगं त्याच वर्गात बसतं. शाळेतून काढून टाकत नाहीत, पण वर्ष जातं. हे एप्रिलमध्ये कळलं तर आई रडते आणि बाप मारतो, दुसरं काही होत नाही. म्हणून पहिल्या चाचणीनंतर जी पोरं मागं आहेत त्यांच्या घरी स्वतः जायचं, नुसता फोन नाही, आणि कुठल्या विषयात काय येत नाही ते वही उघडून दाखवायचं. "अभ्यासात लक्ष नाही" या वाक्याचा पालकाला काही उपयोग नाही. "भागाकार येतो पण अपूर्णांक आले की थांबते, रोज दोन गणितं घरी सोडवू द्या" हे कळतं.

स्पर्धा परीक्षांच्या तारखा मी वर्षाच्या सुरुवातीलाच एका कागदावर काढते आणि वर्गात लावते, घरी एक प्रत. नवोदयचा फॉर्म पाचवीत असताना पावसाळ्यातच भरायचा असतो आणि ती परीक्षा एकदाच देता येते. शिष्यवृत्ती परीक्षा इतकी वर्षं पाचवी-आठवीला होती, ती 2025-26 पासून चौथी-सातवीला परत न्यायचं ठरलंय, मोठ्या भावंडांच्या अनुभवावरून चालणाऱ्या घरांना हे आवर्जून सांगा. सहावीला होमी भाभा, म्हणजे बालवैज्ञानिक स्पर्धा. आठवीला एनएमएमएस, ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, निवड झाली तर वर्षाला 12,000 रुपये नववी ते बारावी मिळतात, अट अशी की घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत आणि पोरगं सरकारी नाहीतर अनुदानित शाळेतलं. एवढे पैसे, आणि फॉर्म राहतो कशामुळे तर उत्पन्नाच्या दाखल्यामुळे, तहसीलला सगळ्यांची एकदम गर्दी होते. दाखला काढायला जुलैत सांगा, नुसतं सांगू नका, कुठली कागदं लागतात तेही लिहून द्या, सेतूत दोन चकरा झाल्या की मजुरी बुडते आणि तिसऱ्यांदा कुणी जात नाही.

आरोग्याच्या निरोपात कारण लिहावं लागतं. जंतनाशकाची गोळी, दहा वर्षाला टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन, आठवड्याची लोहाची निळी गोळी, ही कशासाठी आणि पोट भरलेलं असताना का घ्यायची, हे आदल्या दिवशी कळलं नाही तर कुणीतरी पोरगं मळमळलं म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरी. आजारी पोराबद्दल आईनं आधी सांगावं हेही लिहा. पाळीबद्दल सहावी-सातवीच्या आयांची एक वेगळी बैठक बाईंनी घ्यावी, शाळेत पॅड कुठं मिळतात, कुणाला सांगायचं, पोट दुखलं तर घरी कसं पाठवणार. पोरांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीत कोण आहे, तक्रारपेटी कुठं आहे आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर, हे आयांनाही माहीत पाहिजे आणि बापांनाही, हे पाळीच्या बैठकीत न उरकता सगळ्यांसमोर सांगायचं.

गॅदरिंगबद्दल थोडक्यात, ड्रेसचं भाडं किती ते नाव घ्यायच्या आधी सांगा, घरातल्या साडी-धोतरावर होईल असं एकतरी गाणं ठेवा, आणि पोरींच्या नाचाचे व्हिडिओ बाहेर टाकायचे नाहीत हे मंडपातच सांगा.

पालकसभा कधी घेता ते एकदा तपासून बघा. मंगळवारी दुपारी दोनला घेतली तर मजुरीवाला येणार नाही. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवतो, माणसं बाजाराला येतातच, पिशव्या घेऊन तशीच शाळेत येतात आणि वर्ग भरतो. न आलेल्यांना सभेत काय ठरलं ते त्याच रात्री, पाच ओळीत. आणि शाळेचा फोन आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं असं घरच्यांना वाटू नये म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक घरी काहीतरी चांगलं कळवायचं, आज वर्गात पाढे न चुकता म्हटले, कबड्डीत तालुक्याला निवड झाली, लहान पोराला हाताला धरून घरी सोडलं. रजिस्टरच्या मागच्या पानावर टिक करत गेलं की कुणी राहत नाही, शांत बसणारी पोरं इथंच राहून जातात.

फेब्रुवारीत एक शेवटची गोष्ट. ज्या शाळा सातवीला किंवा आठवीला संपतात तिथल्या पालकांना पुढचा प्रवेश कुठं, किती लांब, एसटी किती वाजता, तिथं मुलींसाठी वसतिगृह आहे का, हे सगळं तेव्हाच सांगून ठेवायचं आणि जमलं तर एका शनिवारी आईबापांसकट त्या हायस्कुलात जाऊन यायचं, कारण मुलीची शाळा सुटते ती बऱ्याचदा या दोन महिन्यांतच, दाखला कपाटात पडून राहतो आणि जूनमध्ये कुणी विचारत नाही. दाखला नेला का, प्रवेश झाला का, हे जुलैपर्यंत प्रत्येक घरी फोन करून विचारायचं, पोरगी आता आपल्या पटावर नसली तरी.