टाच चुरचुरली की थांबा

नागपूरच्या फुटाळा तलावाला पहिल्यांदा आठ किलोमीटर धावले तेव्हा पायात मुलाचे शाळेचे पांढरे सुती मोजे होते. घरी आले तर दोन्ही टाचांवर टपोरे फोड. नवरा म्हणाला, "काहून लंगडून राहिली?" आठवडाभर चपला घालून वर्गात शिकवलं आणि बुटांच्या नावानं बोटं मोडली. बूट बिचारे चांगले होते. घात मोज्यांनी केला होता.

घामानं भिजलेली कातडी मऊ पडते आणि मोज्याला चिकटते. आत हाड मागंपुढं सरकतं, कातडी मात्र जागीच अडकते. या ओढाताणीत तिचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या फटीत पाणी भरतं. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. म्हणून पॉलिस्टर-नायलॉनचे, धावण्याचेच मोजे घ्या. घेताना मोजा उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवा. हाताला टोचली तर पायालाही टोचणारच.

बूट घ्यायला सीताबर्डीला संध्याकाळी जा, हेच मोजे सोबत घेऊन. दिवसभरात पाय थोडा फुगतो, धावतानाही फुगतो. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढं हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. मग टाच सैल वाटते का? नाडीचं सगळ्यांत वरचं भोक बहुतेक लोक रिकामंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घाला, छोटा फासा होईल. उजवी नाडी डाव्या फाशातून, डावी उजव्या फाशातून ओवा, खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागची हलत नाही.

रोजच्या धावण्याला टाचेवर आणि बोटांच्या मधे व्हॅसलीन पुरतं. लांब पल्ल्याला मी मायक्रोपोर टेप, म्हणजे जखमेच्या पट्टीला लावतात ती कागदी चिकटपट्टी, लावते, कोरड्या पायावर, एकही सुरकुती न ठेवता. टेपखाली व्हॅसलीन नको, टेप निघून येते. आणि मे महिन्यात डोक्यावर पाणी ओतायचंच असेल तर कमरेत वाकून ओता. नाहीतर बाप्पा, सगळं पाणी पोटऱ्यांवरून थेट बुटात!

सेमिनरी हिल्सच्या उतारावर पाय पुढं सरकतो, बोटं बुटाला घासतात. तिथं किंवा कुठंही चुरचुर सुरू झाली की लगेच थांबा. 'एवढा किलोमीटर होऊ दे' यातच फोड येतो. बूट काढा, खडा झटका, पाय पुसा, टेप लावा. माझ्या घराच्या किल्लीभोवती चार इंच टेप कायम गुंडाळलेली असते.

तरीही फोड आलाच आणि लहान असला, तर नुसता झाका. मोठा, ठणकणारा असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा आणि स्वच्छ पट्टी लावा. मधुमेह असेल तर सुईला हात न लावता डॉक्टरकडे जा. वरची कातडी सोलायची नाही, खालच्या कोवळ्या कातडीवर तेच झाकण असतं. माझ्या सासूबाई कात्री घेऊनच बसल्या होत्या. मी पाय मागं ओढला.