घरची गाणी घराबाहेर वाजत नाहीत तेव्हा: राउटर तपासण्याचा क्रम

घरच्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नॅव्हिड्रोम हा गाणी पुरवणारा सर्व्हर बसवून स्वतःचा गाण्यांचा संग्रह फोनवर ऐकणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. घरच्या वाय-फायवर सगळे सुरळीत वाजते, पण बाहेर पडून मोबाइल डेटा सुरू झाला की ॲप नुसते फिरत राहते. अशा वेळी बहुतेक जण थेट राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याच्या) पानावर जाऊन आकडे बदलू लागतात. त्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी केली, तर पुष्कळदा पुढची सारी खटपट वाचते.

राउटरचे पान ब्राउझरमध्ये उघडावे. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलावर तो छापलेला असतो. तेथे ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ या विभागात राउटरला बाहेरून मिळालेला आयपी पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. मग त्याच वाय-फायवरून आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडून दोन्ही पत्ते ताडून पाहावेत. ते सारखे असतील, तर दोष बहुधा तुमच्या घरातल्या सेटिंगमध्ये आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे.

ते वेगळे असतील आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर तुमची इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे. आयपीव्ही४ या आयपी पत्त्यांच्या पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत; ते अपुरे पडू लागल्यामुळे २०१२ मध्ये हा गट खास या वाटपासाठी राखून ठेवण्यात आला. बाहेरून येणारी विनंती अशा जोडणीत कंपनीच्याच यंत्रणेपाशी अडते, त्यामुळे राउटरवर कितीही नियम लिहिले तरी उपयोग होत नाही. राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीने बसवलेला फायबरचा डबा आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर हे दोघेही पत्ते वाटत आहेत. फायबरचा डबा ब्रिज मोडवर (स्वतः पत्ते न वाटता जोडणी नुसती पुढे देण्याच्या स्थितीत) टाकायला सांगितले की हा गुंता सुटतो. पत्ता १० ने सुरू होत असेल, तर कारण यांपैकी कोणतेही असू शकते, म्हणून कंपनीला फोन करून स्पष्ट विचारावे.

पत्ते सारखे निघाल्यास सर्व्हर असलेल्या यंत्राचा घरातला पत्ता प्रथम कायम करावा. राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) विभागात त्या यंत्रासाठी, समजा, १९२.१६८.१.२० हा पत्ता राखून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर यंत्राला दुसराच पत्ता मिळू शकतो आणि मग काल चालणारा नियम आज चालत नाही. त्यानंतर फॉरवर्डिंगच्या नियमात तो पत्ता, नॅव्हिड्रोमचे ४५३३ हे पोर्ट (यंत्रावरच्या त्या सेवेचा क्रमांक) आणि टीसीपी हा प्रकार भरावा. विंडोज असल्यास तिची फायरवॉल हे पोर्ट अडवत नाही ना, आणि यंत्र रात्री झोपी जात नाही ना, हेही पाहावे. चाचणी मात्र फोनचे वाय-फाय बंद करूनच घ्यावी, कारण काही राउटर घरातूनच बाहेरच्या पत्त्यावर केलेली विनंती परत आत वळवत नाहीत आणि नियम बरोबर असूनही तो चुकल्यासारखा वाटतो.

कंटाळून ‘डीएमझेड’चा (बाहेरच्या सगळ्या विनंत्या एकाच यंत्राकडे सोडण्याचा) पर्याय सुरू करू नये, त्याने ते यंत्र जवळजवळ पूर्ण उघडे पडते. एन्क्रिप्शन नसलेल्या साध्या एचटीटीपीवर पासवर्डही उघडाच जातो, हे ध्यानात ठेवावे.

म्हणूनच सार्वजनिक पत्ता मिळत असला तरीही मी पोर्ट उघडण्याऐवजी टेलस्केल हे यंत्रांना खाजगी जाळ्यात जोडणारे ॲप सुचवेन. सर्व्हर आणि फोन या दोन्हींवर ते बसवून एकाच खात्याने प्रवेश केला की दोघांमध्ये वायरगार्ड या एन्क्रिप्टेड जोडणीच्या तंत्रावर आधारित खाजगी मार्ग तयार होतो आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. गाण्यांच्या ॲपमध्ये मग टेलस्केलने सर्व्हरला दिलेला पत्ता आणि ४५३३ हे पोर्ट भरावे. हा पत्ताही १०० नेच सुरू होतो, म्हणून वरच्या तपासणीतल्या पत्त्याशी त्याची गल्लत करू नये. दरमहा शुल्क भरून कंपनीकडून स्थिर पत्ता घेण्याचा मार्गही आहे, पण एका घराच्या गाण्यांसाठी तो खर्च मला अनाठायी वाटतो.

जोडणी जमूनही गाणे अडखळत असेल, तर घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग मोजावा. सीडीच्या दर्जाची फ्लॅक (दर्जा न गमावता लहान केलेली) फाइल साधारण ७०० ते १००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) घेते, म्हणजे फायबरच्या जोडणीला ती जड नाही; अडते ते बहुधा मोबाइलच्या सिग्नलपाशी. पन्नास मिनिटांचा ख्याल ८०० केबीपीएसने ऐकला तर सुमारे ३०० एमबी डेटा जातो, तोच १२८ केबीपीएसच्या ओपस या अधिक दाबलेल्या प्रकारात ४८ एमबीत भागतो. मोबाइल डेटावर ओपस आणि वाय-फायवर मूळ फाइल, अशी निवड ॲपमध्ये करता येत असल्यास ती करावी. मात्र सर्व्हरवर एफएफएमपेग हे फाइलींचा प्रकार बदलणारे साधन बसवलेले नसेल, तर हे रूपांतर होणार नाही.